सतराव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सिद्धेश्वरी,

फोनवर मी अडखळलो की माझं वाक्य तूच पुरं करतेस. हे वाक्य मला माझ्या तोंडानं पुरं करायचं आहे, म्हणून पत्र लिहितोय.

आधी तब्येतीचं सांगतो. नवीन औषधानं वजन वाढून बावन्नवर आलंय. चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेल तपासायला आता खुर्ची मिळाली आहे, तीही संडासाजवळची. साहेबांना माझी काळजी आहे की कामाची, ते विचारलं नाही. अव्वा बरी आहे, गुडघे सोडले तर. मागच्या महिन्यात माझी दुर्बिणीची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी आतड्याच्या अस्तराचे चार जादा तुकडे संशोधनासाठी मागितले. मी दिले. तांदळाच्या कणीएवढे तुकडे, बर्फात बसून पुण्याला गेले. लग्नानंतर तुला पुणं दाखवायचं राहिलं ते राहिलंच, माझं आतडं मात्र जाऊन आलं.

नंतर महेश्वरी नावाची एक संशोधक मुलगी माहिती लिहून घ्यायला आली. तिनं समजावलं ते असं. शरीराच्या राखणदार पेशींचा फार मोठा भाग आतड्यात राहतो. रोज आत येणाऱ्या अन्नाला आणि जंतूंना पाहून कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, हे त्या ठरवतात. माझ्या पेशी घरावरच उठल्या आहेत. शेजारच्या वीरभद्रप्पांचा कुत्रा आठवतो? चोर एकही धरला नाही, पण घरातल्या तिघांना चावला. तसंच हे. असं का होतं ते अजून कुणालाच पुरतं उमगलेलं नाही, म्हणून तर तुकडे हवेत. तिखटानं त्रास वाढू शकतो, पण हा आजार तिखटानं होत नाही, असं ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

आपल्या घरात याचा निकाल फार आधीच लागला होता. मला पहिल्यांदा संडासवाटे रक्त पडलं ते तुझ्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ल्यावर. भाकरी काय, चटणी काय, सोलापुरात रोजचीच, पण त्या दिवशी ती तू केली होतीस. पोटच्या पोराच्या काळजीनं अव्वानं तुला चुलीपासून उठवलं. ताईच्या वास्तुशांतीला तू कणकेला हात लावलास, तेव्हा भरल्या घरात अव्वा म्हणाली, “तिला नगं लावू देऊ. तिच्या हातचं बाधतंय की पोराला.” तू हात धुतलेस आणि तुझ्या धाकट्या भावाबरोबर, बसूबरोबर, अक्कलकोटला माहेरी गेलीस. मी पानावर बसलो होतो. मी जेवलो.

महेश्वरीच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न होता: आहार बदलल्यावर त्रास थांबला का? मी ‘नाही’ असं लिहिलं. तू गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात पुन्हा रक्त पडलं होतं. तेव्हा मी अव्वाच्या हातचा दहीभात खात होतो, दोन्ही वेळा, चिमूटभर तिखटाशिवाय. पुढे ते पडतच राहिलं. डॉक्टरांना सांगायचो, घरात नाही. सांगितलं असतं तर तुला आणायला यावं लागलं असतं, आणि त्या पंगतीत गप्प का बसलो ते तुझ्या वडिलांसमोर, अप्पांसमोर बोलावं लागलं असतं. मला लाज वाटत होती. त्या लाजेपायी तुला दीड वर्ष दोषी राहू दिलं.

काल अव्वाला सगळं सांगितलं. सकाळी तिनं माळ्यावर टाकलेलं तुझं शेंगाचटणीचं उखळ खाली काढायला लावलं आणि स्वतः धुतलं. ते तिचं तिच्याकडे. परत ये असं लिहायला मी बसलेलो नाही, तो अधिकार मी त्या पानावर जेवूनच घालवला. पण परवा बसू भेटला. म्हणाला, अक्का माहेरीही चुलीपाशी जात नाही, अप्पांना दुखण्यात साधी पेजसुद्धा करून देत नाही, माझा हात चांगला नाही म्हणते. ते ऐकलं आणि पत्र लिहायला बसलो. सिद्धेश्वरी, तुझ्या हातात काहीही वाईट नव्हतं, आणि हे मला तू गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. आज अप्पांना पेज करून दे.

तुझाच म्हणायची लायकी नसलेला, तरी तुझाच,
गुरुशांत