फटकी दिसेनाशी झाली

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे विचारायला दुसरं माणूस नाही. मला मिरचीतली फटकी दिसेनाशी झाली आहे.

नंदुरबारबाहेरच्या पथारीवर, मिरची वाळत घालतात त्या मैदानात, तुम्ही मला पहिल्यांदा निवडायला बसवलं. मी एकेक मिरची उचलून बघतोय. तुम्ही हातावर चापट मारता. "लालकडे देखू नको. लाल जाऊ दे. फटकी आपोआप दिसी." आणि खरंच, हळूहळू लाल मागे सरलं, रंग उडालेली पांढुरकी तेवढी डोळ्यांत टोचू लागली. त्याच नजरेवर मी प्रतवारीचा माणूस झालो. अजूनही माझ्या शब्दाशिवाय व्यापारी गोणी शिवत नाही.

दिवाळीत माझ्या मेंदूत रक्ताची लहानशी गुठळी अडकली. जागा, थॅलॅमस. डॉक्टरांनी दोन वाक्यांत आटोपलं. मी आठवी पास असलो तरी अर्धवट ऐकून घरी येणारा नाही; मोबाईलवर शोधून सगळं वाचलं. डोळ्यांकडून निघालेलं मेंदूत पुढे जाण्याआधी तिथे पोचतं, आणि तिथल्या काही पेशींचं कामच अडवण्याचं. आजूबाजूला सगळं सारखं असलं की त्या ते दाबतात, म्हणून वेगळं असेल ते उठून दिसतं. म्हणजे तुमचं बरोबर होतं. पण त्या पेशी तर जन्मापासूनच असतात ना? मग तुम्ही शिकवलंत काय? डॉक्टरांना विचारलं, माझ्या नेमक्या त्याच गेल्या का. ते म्हणाले, "इतकं नेमकं कोणालाच सांगता येणार नाही."

काल पथारीवर बायको म्हणाली, "तुमना पायजवळ फटक्या पडेल शेतस. दिसी नही ऱ्हायन्यात का?"

"मालूम शे माले."

"मालूम शे त उचला ना मंग."

मी वाकून एक उचलली. ती हसली. "ती त चांगली शे." मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "व्यापारीले सांगी टाका," म्हणाली.

उद्या सांगणार आहे, दुसरा माणूस बघा म्हणून. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून खरं ते लिहितो. आता सगळंच दिसतं, देठ, सुरकुत्या, मिरचीखालची मिरची. पथारी एवढी लाल असते हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टर विचारतात, सुधारतंय का. सुधारावं असं मला रोज वाटत नाही.