वाफ नसलेला चहा

बालाजी घाट, वाराणसी

सौ. सुनीतीस,

मी खुशाल आहे. बँकेत काम बेताचं आहे आणि घरमालकीणबाई दर सोमवारी साबुदाण्याची खिचडी पाठवतात. आपल्या देवयानीचा पेपर कसा गेला?

एक गोष्ट फोनवर विचारली तर तू हसून टाळशील, म्हणून लिहितोय. रोज निजण्याआधी आपण व्हिडिओ कॉलवर एकत्र चहा पितो. हल्ली तुझ्या कपातून वाफ येत नाही. पूर्वी बशीत ओतून फुंकर मारल्याशिवाय तू घोट घेत नव्हतीस, आता गटागट पितेस. परवा तर मागच्या फळीवर चहाचा डबाही दिसला नाही. डॉक्टरांनी चहा बंद केलाय ना? आणखी काय सांगितलंय?

आता माझंही ऐक. गेला महिनाभर माझ्या कुल्हडात नुसतं कोमट पाणी असतं, इथल्या डॉक्टरांच्या कृपेने. इथे मातीचा कुल्हड एकदा पिऊन फेकून देतात. मी मात्र रोज तोच, कड उडालेला, तुझ्यासमोर धरतो. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण तुला फोनवर दिसतं. रोजचा तोच कुल्हड दिसला नाही, यावर माझा विश्वास नाही.

खऱ्या उत्तराची वाट पाहणारा,
नरहर