तीन की आठ

प्रिय यी-ज्युन,

तुझ्या आईने फोनवर सांगितलं असेल की कारखान्यात माझं कौतुक झालं. ते कौतुक खरं नाही.

आमच्या गांगशानच्या स्क्रूच्या कारखान्यात भट्ट्यांवर आता बिनतारी तापमापक बसवलेत. त्यांचे आकडे हवेतून गेटवे नावाच्या डबीत येतात आणि डबी ते जुन्या केबलवरून भट्ट्यांच्या यंत्रणेला कळवते. कुठल्या भट्टीला कुठला तापमापक, ते डबीत भरायचं काम माझं. आठव्या भट्टीच्या जागी मी तिसरीच्या तापमापकाचा नंबर भरला. तिसरी बंद होती, गार होती. त्यामुळे आठवीला वाटत राहिलं की आपणही गारच आहोत, आणि ती तापतच गेली. तिच्यातले लालभडक स्क्रू थंड करायच्या तेलाच्या हौदात पडले तसा जाळ उठला. हौदापाशी उभ्या असलेल्या कामगार आ-शेंगच्या भुवया जळाल्या. “आता बायको घरात घेणार नाही!” म्हणून तो हसत होता.

माझ्या हाताखालच्या पेइ-वेनने भट्टी बंद केली, डबी उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नंबर बदलला. मालक धावत आले तेव्हा म्हणाली, “डबीच खराब आली होती. जुआंग वस्तादांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.” मी ते तसंच चालू दिलं. मालकांनी माझ्यासमोरच डबीवाल्याला फोन लावून झापलं. तो बिचारा पलीकडून माफी मागत होता, ती मला ऐकू येत होती. मग मालक सगळ्यांना बोकडाच्या हॉटपॉटला घेऊन गेले. मधल्या उकळत्या पातेल्यातले मटणाचे चांगले तुकडे वेचून माझ्या वाडग्यात घालत होते, आणि पोरी, मी ते खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावरची अक्षरं कोणीतरी दुप्पट मोठी करून ठेवली होती. पेइ-वेन मान खाली घालून तारा गुंडाळत होती. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी मालकांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “वस्ताद, मग परवा मटण घशाखाली उतरलं कसं?” डबीवाल्याला मी स्वतः फोन केला. आता डोळे तपासून येईपर्यंत डबीला हात लावायचा नाही, असं मालकांनी बजावलंय.

चिंगमिंगच्या पितरांच्या सणाला आजोबांची कबर साफ करताना मी शेजारच्याच परक्या कबरीसमोर उदबत्त्या लावत होतो. तू हळूच माझा हात धरून वळवलास आणि म्हणालीस, “बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया ना.” तुझ्या सासऱ्यांदेखत मी तुझ्यावर खेकसलो, “मी आंधळा झालो का?” तू रडली नाहीस, पण जेवलीही नाहीस. मला तेव्हाही नीट दिसत नव्हतं, यी-ज्युन. गेल्या वर्षापासून दिसत नाही. पडद्यावरचे इंग्रजी तीन आणि आठ मला एकसारखेच वाटतात.

शनिवारी येशील का? मला दवाखान्यात घेऊन चल. मी एकटा निघालो असतो, पण बसचा नंबर वाचता येत नाही, आणि तो अनोळखी माणसाला विचारायची मला लाज वाटते.

तुझाच,
बाबा