चेनच्या बाजूचा पाय

७ जाने. २००८
पडले. मुर्ध्याच्या वळणावर सलवारचा घोळ चेनमध्ये गेला नि मी रस्त्यावर. गुडघा फुटला त्याचं काही नाही, पण डब्यातल्या रक्ताच्या तीन ट्यूब फुटल्या. तिन्ही घरी परत जाऊन परत सुई टोचली. एका घरच्या म्हाताऱ्या गुजराती बा म्हणाल्या, "मेरे को कितनी बार भूखा रखेगी?" बरोबरच आहे त्यांचं.
लॅबचे डॉ. ओरडले नाहीत, तेच वाईट. "मॅडम, हा महिना बघतो. परत पडलात तर सकाळचा राउंड बाइकवाल्याला देईन. तुम्ही काउंटरवर बसा." चार वर्षं हा राउंड माझा आहे. साडेपाचला मोरव्यातून निघायचं, उपाशीपोटीचं रक्त गोळा करायचं, आठला लॅबमध्ये. काउंटर नको मला. दिवसभर पावत्या फाडत बसू? माझी सायकल मला हवी.

८ जाने.
थंडी कसली ही! मिठागरांवरून वारा येतो तो थेट हाडात. सलवारीला घोट्याशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. राई गावापर्यंत दोनदा सुटला. आत वारा शिरून सलवारीचा फुगा. गुडघे असे आखडलेले की पहिल्या घराचे दोन मजले चढताना कठडा धरावा लागला. सुई टोचताना हात थरथरला नाही, हे नशीब.

१० जाने.
आज चुडीदार. म्हटलं घट्ट आहे, चेनमध्ये जाणार नाही. गेला नाहीच. पण पायडल वर आलं की गुडघा आवळायचा, आणि बांच्या बिल्डिंगच्या गेटात टर्रकन उसवला. कपाळ माझं. ओढणी गुडघ्यावर बांधून बाकीची घरं केली. एका आजोबांनी काळजीने विचारलं, "परत पडलात का?"

१२ जाने.
लॅबमधल्या रेश्माची जीन्स तिथल्याच बाथरूममध्ये घालून बघितली, मागच्या गल्लीत एक चक्कर मारली. कापड बर्फासारखं, आणि मधली जाड शिवण नेमकी नको तिथे टोचते. हिरोइनी कशा घालतात देव जाणे.
घरी वि.ला म्हटलं, पँटच घ्यावी एखादी. पेपरातून डोकंही वर न काढता नवरोबा म्हणतात, "आईला चालणार नाही हं." लग्न झालं तेव्हाही हेच म्हणाला होता, रत्नागिरीहून नवी नवी आले होते तेव्हा. सोळा वर्षं झाली. वाक्य तेच.

१३ जाने., रवि.
स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून ट्रॅकपँट आणली. निळी, बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या. आतून मऊ लव. गाडीवाला म्हणतो, "भाभी, ये जेन्ट्स है, चलेगा?" म्हटलं, चलेगा नहीं, दौडेगा. स्वतःच्याच विनोदावर घरापर्यंत हसत आले. दाराशी आल्यावर हसू गेलं. पिशवी तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

१४ जाने.
युक्ती केली. ट्रॅकपँट नि कुर्ता, त्यावरून गाऊन, त्यावर ओढणी. आई ओसरीवर चूल फुंकत होत्या, त्यांच्या समोरून गेले. गल्लीच्या टोकाला बंद पडलेली पिठाची गिरण आहे, तिच्या आडोशाला गाऊन काढून पिशवीत घातला. येताना उलट.
एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि चोरून पँट घालते! पण पाय काय सुटलेत! बांच्या घरी सात मिनिटं आधी पोचले.

१८ जाने.
ट्रॅकपँट घोट्याशी अजून सैलच आहे. आज चेनने पट्टी धरली, ग्रीसचा काळा शिक्का. पडले नाही, पण उतरून दोन मिनिटं चालतच गेले. रबरबँड लावले तर पायाला वळ. पोटऱ्या गार त्या गारच. वि.ला पँटचं सांगितलं, तर त्याने त्याची गरम विजार दिली, "आतून घाल." घातली. सातला ऊन आलं नि उकडलेल्या रताळ्यासारखी अवस्था. रक्त देणारी बाईच विचारते, "तुम्हाला बरं नाही का?"

२२ जाने.
घरी हळदीकुंकू. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या दिल्या. सगळ्या तिळगूळ खात, खिदळत बाहेर, आणि आई आतल्या खोलीत. सासरे गेल्यापासून त्या या दिवशी बाहेर येतच नाहीत. मला हे आवडत नाही, पण बोलायला जीभ उचलत नाही. बशीत लाडू घेऊन गेले तर काहीतरी शिवत होत्या. मला बघून झटकन उशीखाली सारलं. असेल काही.

२४ जाने.
आज घोटाळा झाला. गाऊनची पिशवी लॅबमध्ये खुंटीवर राहिली. गिरणीपाशी दहा मिनिटं उभी, परत जावं तर जेवणाची वेळ टळणार. शेवटी गेले तशीच. आई अंगणात सुका जवळा निवडत बसल्या होत्या.
"आई, हे... थंडी खूप असते म्हणून."
वर न बघता म्हणाल्या, "मना ठावं हाय. धा दिस बघतंय. रोज गिरनीमागं गाऊन काढतंस, सगली आली हसते."
मेले! सगळी आळी!
"तुम्हाला चालणार नाही असं वाटलं."
"मी कवा न्हाय म्हनलं? इचारलंस कवा?"
खरंच की. सोळा वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला जागच्या जागी रडू आलं. त्या बोलतच होत्या, "आमी मिठागरान लुगडा मांडीवर खवून गार पान्यान उभ्या र्‍हायचो. कुनी पाय झाकाला दिला असता तर नको म्हनलं असतं का?"
मग आत गेल्या नि उशीखालचं आणून माझ्या हातात ठेवलं. सासऱ्यांचा तपकिरी स्वेटर. म्हणजे त्याच्या बाह्या. तीन वर्षं ट्रंकेत होता, कुणाला हात लावू देत नव्हत्या. कापून, कडा दुमडून, वर नाडी घातलीय. मनगटाची घट्ट पट्टी बरोबर घोट्यावर बसते.
"उजव्या पायाचा वायला हाय. त्याला आतून दुहेरी लावलंय. चेन त्याच बाजूला हाय ना?"
मी सायकल चालवते, आणि हे मला सुचलं नव्हतं.
रात्री वि.ला धरला. "तू कधी विचारलं होतंस आईंना?" म्हणतो, "नाही, मी आपला अंदाज केला." सोळा वर्षं अंदाजावर! आज भाजी वाढलीच नाही त्याला. उठून स्वतः घेतली.

२५ जाने.
गाऊन न घालता निघाले, भर अंगणातून. ट्रॅकपँटवर बाह्या. डांबरगोळीचा वास येतो, येऊ दे. वारा आला नि पोटरीपाशी थांबला. पँट एकदाही चेनकडे फिरकली नाही. गिरणीजवळ शेजारीण उभीच होती. तिला हात केला.

३० जाने.
पाच दिवस, एक ट्यूब फुटली नाही. बांनी बाह्या चिमटीत धरून बघितल्या, "किसने बनाया?" म्हटलं, सासू ने. "मेरी बहू को दिखाना पड़ेगा." सूनबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१ फेब्रु., शुक्र.
महिना संपला. डॉ. म्हणाले, "बाइकवाला येऊन भेटून गेलाय. सोमवारी सांगतो." पण माझ्या पायांकडे दोनदा बघितलं त्यांनी, आणि हसू दाबत होते. ते चांगलं की वाईट, कळत नाही.
आईंना सांगितलं. म्हणाल्या, "देल तर देल. सायकल काय त्याची हाय?" बरं वाटलं.
मग जरा वेळाने, वि. आंघोळीला गेलाय बघून, हळूच विचारतात, "ती निली विजार माझ्या मापाची मिलते का गो? पहाटं गुडघं धरतान. लुगड्याच्या आतून घालीन. इकासला सांगू नको, त्याला चालाचा न्हाय."
रविवारी हातगाडीवर जाते. एक्सएल बघावी लागेल.