आतून मूठ नसलेलं दार

१४ नोव्हेंबर

आले एकदाची कोल्हापुरात! नाशिकच्या दोन खोल्यांतून एकदम हा नवाकोरा बंगला. रंग झालाय, फरशी बसलीय, फक्त दारं अजून उघडीबोडकी आहेत. विजयसिंहांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, दारांचं सगळं माझ्यावर सोपवलंय. लग्नाला जेमतेम महिना झालाय, माझा शब्द अजून गोड लागतो त्यांना. त्या स्टीलच्या गुळगुळीत दांड्या मी लावणार नाही म्हणजे नाही. मला जुन्या व्हिक्टोरियन मुठी हव्यात, पितळेच्या, हातात भरतील अशा. हे हसले आणि कामाला बेळगावला गेले. जाताना म्हणाले, की कोपऱ्यातली खोली तुझी, लिहायला. माझी स्वतःची खोली! चाळिशी उलटल्यावर मिळाली, पण मिळाली.

ह्यांच्या पहिल्या बायकोचा, पूर्णिमाचा, फोटो हॉलमध्ये लावू म्हटलं होतं. एकही फोटो नाही म्हणे. काविळीनं गेली बिचारी.

१८ नोव्हेंबर

शहजादभाईंचं जुन्या सामानाचं दुकान म्हणजे खजिना आहे. आधी पावणं म्हणून चहा पाजला, मग पोतीच्या पोती उपडी केली. चिनी मातीच्या पांढऱ्या मुठी, त्यांवर केसाएवढ्या चिरा. पितळी मुठी, वळ्यावळ्यांच्या. किल्लीच्या भोकावर फिरणारी इवलीशी झाकणी. प्रत्येक मूठ फिरवून बघा, खडखडती ती घिऊ नगा, असं त्यांनीच बजावलं. मी तासन्‌तास बसून निवडल्या, गुडघे दुखून आले तरी उठवेना.

माझ्या खोलीला घेतलेलं कुलूप सगळ्यांत देखणं. काळी लाकडी मूठ, तिला पितळेची कडा. कोडोलीकडच्या एका पाडलेल्या बंगल्यातलं आहे. खोट एवढीच, की मूठ एकाच बाजूला. आतल्या बाजूला नुसता पितळी पत्रा ठोकलाय. जोडीची दुसरी शोधून देतो म्हणालेत. तोवर दाराला खुर्ची लावून ठेवीन, हाय काय आणि नाय काय!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, नैवेद्य झाला, पण ओटी भरायला सवाष्ण आणू कुठून? या गावात मी ओळखते कुणाला? स्वयंपाकाच्या बायडाबाईंना बस म्हटलं, तर त्या विधवा म्हणून मागे सरकल्या. असा राग आला मला! कसल्या मेल्या रीती! तशीच उठले, माझ्या खोलीच्या मुठीला हळदकुंकू लावलं, खणात तांदूळ-नारळ बांधून तिलाच अडकवला. म्हटलं, घे बाई, तूच माझी सवाष्ण.

बायडाबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, वैनीसाब, दाराची वटी भरत्यात व्हय कुठं? वटी भरली की त्ये घर म्हायेर हुतंय. ह्या मुठीपायी जी बाई रडली आसंल, ती हक्कानं येणार की आता. मी म्हटलं, येऊ दे, चहा पाजू तिला.

३० नोव्हेंबर

दाराच्या आतल्या पत्र्यावर हळदीची बोटं उमटलीत. जिथे मूठ असायला हवी नेमकी तिथे, चाचपडल्यासारखी. चिंच लावून घासून काढली. दुपारी पुन्हा तीच. बायडाबाईंचा हात नाही हा, त्या या खोलीत पाऊलच टाकत नाहीत. काळी मूठ हाताला कोमट लागते, कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखी. उगाच नाही म्हणणार, भीती वाटली मला.

३ डिसेंबर

हे आले. मूठ पाहिली आणि तोंड पांढरंफटक पडलं. कुठून आणलीस म्हणून अंगावर ओरडले. स्वतः स्क्रू काढायला बसले, एक हलेना. हातोडा घातला, तो निसटून ह्यांच्याच बोटावर बसला.

दुपारी शहजादभाईंना फोन केला. कोडोलीकडचा तो बंगला ह्यांचाच होता. बायडाबाई तिकडच्याच. आज रडत रडत सगळं बोलल्या. पूर्णिमाची आई मरणाला टेकलेली, हिला शेवटचं भेटायचं होतं. ह्यांनी धाडलं नाही. भांडली, तर ह्याच मुठीच्या खोलीत कोंडलं. आई गेली. मागे ना भाऊ ना बहीण, जाब विचारायला येणार कोण? पोरगी आतल्या आत पाण्यावाचून गेली आणि गावाला सांगितलं कावीळ.

मी खूप रडले. मग संताप आला. सोडणार नाही मी ह्यांना.

५ डिसेंबर

तोंडावर विचारलं. पोलिसांत जाते म्हटलं. त्यानं फोन हिसकावला, दंड धरला, माझ्याच खोलीत लोटलं आणि दार ओढून घेतलं.

खिडकीला गज. मागे नुसता ऊस. आतून मूठ नाही.

६ डिसेंबर

दार किलकिलं करून ताट सरकवतो. म्हणतो, डोकं थंड झालं की सोडीन. तिलाही हेच म्हणाला असेल, मेला.

पूर्णिमा, ऐकतेस ना? ओटी भरलीय मी तुझी. हे माहेर तुझं, मी बहीण तुझी. जाब मी विचारला. आता तू विचार. चांगला विचार.

पत्र्यावर हळदीची बोटं. ओली आहेत.

७ डिसेंबर

बाहेर आहे मी!

तो ताट घेऊन आला आणि दार त्याच्या हातातून सुटून सताड उघडलं. त्याला कुणीतरी आत खेचलं, मला पाठीत ढकललं. वही छातीशी धरून मी बाहेर— तो आत— दार लागलं.

धडका मारतोय. मार.

बायडाबाई आल्या, ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, म्या काय ऐकलं न्हाय बगा. आणि घरी गेल्या. मी दारासमोर खुर्ची टाकून चहा प्यायले. इतका गोड चहा जन्मात लागला नव्हता.

८ डिसेंबर

पाणी मागतो. तिनं मागितलं होतं का, विचारलं. रडला.

म्हणतो, आत कुणीतरी आहे. बांगड्या वाजतात.

पुरे वाटतंय आता. पोलिसांच्या ताब्यात देईन, पण मरू नाही देणार. मूठ धरली—

माझ्या हातावर हात. गार. फिरवू देत नाही.

९ डिसेंबर

त्याचा आवाज नाही सकाळपासून—

ती बोलते आतून. पहिल्यांदाच. आनंदात आहे. म्हणते, ताई, ह्यांना घेऊन निघाले मी सासरी.

नीघ बाई. सुखानं जा—

डावा हात चिकटलाय मुठीला. सुटत नाही. उजव्यानं लिहितेय—

म्हणते, लेक सासरी निघाली की माहेरहून पाठराखीण लागते ना सोबत—

दुसरं कोण आहे ताई मला—

नको— मूठ फिरतेय— मी नाही फिरवत— पूर्णिमा, अगं मी तुझी—