विहिरीवरचं कुलूप

प्रिय शांतवन,

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात उदगीरच्या आपल्या गल्लीत फक्त आपल्याच विहिरीला पाणी होतं. मी विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावलं. तू दारू पिऊन आलास, दगडानं कुलूप फोडलंस अन् बायांना घागरी घेऊन बोलावलंस.

"दारुड्या, घरातून चालता हो!" मी ओरडले.

"जातो आक्का. पन त्यांना भरू दे."

तू गेलास, अन् मी बायांना हाकललं. सात वर्षं झाली. तुझा पत्ता कुणाकडेच नाही. घरात मी एकटीच असते.

परवा रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवलं, येशू म्हणतो, झाड फळावरून ओळखा, तसं माणूस त्याच्या कामावरून. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही असं कुणाला ओळखलंत?"

मी तुझं नाव सांगितलं. माझं सांगायला धीर झाला नाही.

तुझी आक्का,
सुवार्ता