कवळीवरच्या सुरकुत्या

गुरुवार, १२ ऑगस्ट २००४, मांडवी

सासूबाईंच्या कवळीवरची बुरशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाढवली होती. आज पाहिली, तर सायीसारखा जाड थर, सुरकुत्याच सुरकुत्या. जास्त हवा मिळावी म्हणून पडत असतील का त्या? दुसऱ्या प्लेटमध्ये श्वसन रोखणारं औषध घातलं होतं. तिथे थर पातळ, अगदी गुळगुळीत. घरी येईपर्यंत त्या सुरकुत्याच डोळ्यांसमोर तरंगत होत्या.

चहा पिताना म्हटलं, "आई, झोपताना कवळी काढत जा. तोंड सोलवटलंय तुमचं."

"ह्यांच्यासमोर? बोळकं दाखवू?"

पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि अजून ही लाज! मी चिडलेच.

समोर बसलेल्या सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"काढ गो. चष्म्याशिवाय तुझी एक सुरकुती दिसत नाही मला."